यंत्राची रोजकीर्द

कोणत्याही कारभारात बिघाड झाला म्हणजे दोन प्रश्न उभे राहतात. काम कोठे अडले, हा पहिला. आणि कशामुळे अडले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुधा सहज मिळते. दुसऱ्यासाठी मात्र दप्तर उघडावे लागते. मराठेशाहीच्या फडावर दिवसाचा जमाखर्च रोजकीर्दीत नोंदला जाई, तो याच हेतूने. खतावणीत तूट दिसली, तरी ती कोणत्या व्यवहारातून शिरली याचा माग रोजकीर्दीतच लागे. संगणकाच्या कारभारातही हीच गरज निर्माण झाली आणि ती भागविण्याच्या खटपटीतून एक उपयुक्त विद्या आकारास आली.

१९८५ साली नवी दिल्लीत रेल्वेच्या आरक्षणाचे काम प्रथम संगणकावर आले. तत्पूर्वी आरक्षणाच्या नोंदी हाताने रजिस्टरात होत आणि ज्या गाडीचे तिकीट हवे, तिच्यासाठी नेमलेल्या खिडकीपुढेच रांग धरावी लागे. सीएमसी या तेव्हाच्या सरकारी कंपनीने सिद्ध केलेल्या ‘इम्प्रेस’ प्रणालीमुळे एकाच खिडकीवर अनेक गाड्यांचे आरक्षण शक्य झाले. सोय मोठी होती, तशीच जोखीमही मोठी होती. रजिस्टर एका वेळी एकाच कारकुनाच्या हाती असे. आता एकाच यादीवर अनेक खिडक्यांवरून अनेक हात पडू लागले. एकच बर्थ दोघांना दिली गेली, किंवा ऐन गर्दीच्या हंगामात प्रोग्राम कोसळला, तर त्याचा भार यंत्रावर न पडता रांगेत उभ्या असलेल्या माणसावर पडणार होता.

ही प्रणाली व्हॅक्स जातीच्या संगणकावर चाले. हा संगणक आणि त्याची व्हीएमएस ही ऑपरेटिंग सिस्टिम अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७७ साली जाहीर केली होती. तिच्यात अधिकाराच्या चार पायऱ्या होत्या. सामान्य प्रोग्राम सर्वांत खालच्या पायरीवर. त्याला डिस्कला हात लावता येत नसे, पडद्यावर अक्षर उमटविता येत नसे, की दुसऱ्याच्या स्मृतीत डोकावता येत नसे. असे काही हवे असल्यास त्याने वरच्या कारभाऱ्याकडे रीतसर मागणी करावयाची. या मागणीलाच सिस्टिम कॉल म्हणतात. वाचावयाचे वा लिहावयाचे असल्यास एक मागणी, एखाद्या नोंदीला कुलूप लावावयाचे असल्यास दुसरी. प्रत्येक मागणीचे उत्तर एका अंकाच्या रूपाने परत येई: काम झाले, किंवा अमुक कारणाने झाले नाही.

कोसळणाऱ्या प्रोग्रामांचे मर्म पुष्कळदा या उत्तरातच दडलेले असते. समजा, प्रोग्रामाने एक फाइल उघडण्याची मागणी केली आणि ती फाइल नाही, असे उत्तर आले. प्रोग्राम लिहिणाऱ्याने ते उत्तर तपासण्याची तरतूदच केली नसेल, तर प्रोग्राम नकार ऐकून न ऐकल्यासारखा पुढे जातो, हाती न आलेली माहिती आली असे समजून चालतो आणि बऱ्याच अंतरावर, भलत्याच ठिकाणी, निषिद्ध स्मृतीवर पाय पडून कोसळतो. व्हीएमएस अशा वेळी कोणत्या ओळीवर घात झाला आणि तेथवर प्रोग्राम कोणत्या वाटेने आला, हे छापून देई. परंतु तो पंचनामा होता, रोजकीर्द नव्हे. मृत्यूचे ठिकाण त्यात कळे; आधीचा नकार त्यात असेलच, असे नसे.

ही उणीव भरून काढणारी साधने मुख्यतः युनिक्सच्या परंपरेत वाढली. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्सच्या १९७५च्या सहाव्या आवृत्तीत ‘पीट्रेस’ नावाचा सिस्टिम कॉल आला. त्यायोगे एका प्रोग्रामाला दुसऱ्यावर देखरेख ठेवता येऊ लागली. पुढे सिस्टिम फाइव्हच्या चौथ्या आवृत्तीबरोबर ‘ट्रस’ हे साधन मिळाले. १९९१ साली पॉल क्रॅनेनबर्ग यांनी सन कंपनीच्या यंत्रांसाठी ‘एसट्रेस’ लिहून सर्वांना खुले केले. ब्रँको लँकेस्टर यांनी ते लिनक्सवर आणले आणि रिक स्लॅडकी यांनी १९९३ साली दोन्ही धारा एकत्र केल्या. या साधनाचे काम फडावरच्या कारकुनाचे. प्रोग्रामाने कोणती मागणी केली, कोणत्या नावाची फाइल मागितली, उत्तर काय आले, हे तो क्रमाने लिहीत जातो. शेवटच्या ओळीवर स्मृतिभंगाचा अकरा क्रमांकाचा संकेत दिसला, की तपास करणारा उलट वर वाचू लागतो. आणि काही ओळींवर ‘अशी फाइल नाही’ या अर्थाचा दोन क्रमांकाचा नकार त्याला सापडतो.

जुन्या यंत्रणांच्या बाबतीत या विद्येचे मोल विशेष आहे. प्रोग्राम लिहिणारे निवृत्त झालेले असतात, मूळ संहिता हरवलेली असते, काम मात्र थांबविता येत नाही. अशा वेळी प्रोग्रामाचे अंतरंग उघडता आले नाही, तरी त्याचा बाहेरचा व्यवहार वाचता येतो.

अर्थात या रोजकीर्दीलाही मर्यादा आहेत. प्रोग्रामाने मनातल्या मनात केलेला चुकीचा हिशेब तिच्यात उमटत नाही, कारण त्यासाठी कोणाकडे मागणी करावी लागत नाही. नोंद ठेवल्याने प्रोग्राम मंदावतो, आणि दोन खिडक्यांच्या घाईतून उद्भवणारा दोष त्या मंदपणात कधी कधी प्रकटच होत नाही. शिवाय वाचलेला आणि लिहिलेला मजकूरही नोंदीत येत असल्याने प्रवाशाचे नाव वा गुप्त परवलीचा शब्द तिच्यात उतरू शकतो. ती जपून वापरणे व काम संपताच नष्ट करणे, हे तपासणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

१९९९ साली दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही रेल्वेची आरक्षणकेंद्रे एकमेकांशी जोडली गेली आणि देशातील कोणत्याही केंद्रावरून कोठलेही आरक्षण मिळू लागले. यंत्राचा पसारा असा वाढत जातो, तसतसे ‘संगणकात काही तरी बिघाड आहे’ हे उत्तर अपुरे पडू लागते. बिघाड कोणत्या मागणीला मिळालेल्या कोणत्या नकारातून उद्भवला आणि त्या नकाराकडे कोणी दुर्लक्ष केले, हे सांगता आले पाहिजे. रांगेतील शेवटच्या माणसाला हा हिशेब मागण्याचा अधिकार आहे. आणि तो देता यावा, म्हणून यंत्राचीही रोजकीर्द ठेवावी लागते.