किनवट-माहूरच्या जंगलवाटा आणि मोटारीचे नियम

नांदेड जिल्ह्यातले मोठे जंगल उत्तरेला आणि ईशान्येला, पैनगंगेच्या काठाने पसरले आहे. किनवट, माहूर, हिमायतनगर, हदगाव आणि भोकर या तालुक्यांतल्या डोंगरउतारांवर साग, ऐन, धावडा, मोह आणि तेंदू उभे आहेत. या झाडीतून महामार्ग जातो, मुदखेड-आदिलाबाद रेल्वे जाते, जिल्हा परिषदेचे डांबरी रस्ते जातात, वनखात्याच्या मातीच्या गाडीवाटा जातात आणि गोंडांच्या गुड्यांना, कोलामांच्या पोडांना व बंजाऱ्यांच्या तांड्यांना जोडणाऱ्या पायवाटाही जातात. जंगल एकच असले तरी या प्रत्येक वाटेवर मोटारीला लागू होणारा नियम वेगळा आहे. हे वेगळेपण एका दिवसात ठरलेले नाही. निजामाचे राज्य, भाषावार प्रांतरचना, सागाचा व्यापार आणि अभयारण्य या चौघांनी ते टप्प्याटप्प्याने घडवले.

मोटार येण्यापूर्वी या भागातला मोठा माल बैलांच्या पाठीवरून जाई. बंजाऱ्यांचे तांडे मीठ आणि धान्य घेऊन वऱ्हाड आणि तेलंगण यांच्या दरम्यान फिरत. माहूर हे मोगल काळात वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार होते आणि रेणुकादेवी व दत्तशिखर यांच्यामुळे यात्रेकरूंचा ओघही जुना. तरी आखून बांधलेले रस्ते जंगलात फारसे नव्हते. लाकूड आणि बांबू बैलगाडीने निघत आणि गाडीची चाकोरी पडेल तीच वाट होई. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पट्ट्यांत गाड्या रुतत, म्हणून जड वाहतूक सुगीनंतरच चाले. वाट कोणाची, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडत नव्हता. गाव जिथे असे तिथे वाट असे, आणि गाव हलले की वाटेवर गवत उगवे.

हे चित्र हैदराबाद संस्थानाच्या जंगलखात्याने बदलले. किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत या जिल्ह्यात राखीव जंगलाच्या रेषा आखल्या गेल्या. अनेक वस्त्या रेषेच्या आत सापडल्या आणि त्यातल्या काहींना उठावे लागले. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेंडॉर्फ यांनी 1940 च्या दशकात या भागातल्या गोंड-कोलामांमध्ये राहून ही हकिगत नोंदवून ठेवली. गोंड नेते कुमरम भीम यांचा लढा, ज्याचा शेवट 1940 मध्ये जोडेघाटला त्यांच्या मृत्यूने झाला, तो याच जंगलबंदीतून पेटला होता. रस्त्याच्या इतिहासाशी या घटनेचा थेट संबंध आहे. राखीव जंगल म्हणजे परवानगीशिवाय पाऊल टाकायचे नाही अशी जमीन, हा विचार इथे पहिल्यांदा रुजला आणि पिढ्यानपिढ्या चाललेली वाट त्याच्या आड येऊ लागली. संस्थानाचा शेवटचा मोठा वनकायदा 1355 फसलीत, म्हणजे 1945 मध्ये झाला.

मोटार या प्रदेशात हळूहळू आली. निजामाच्या रेल्वेने जून 1932 मध्ये 27 गाड्या आणि 166 कर्मचाऱ्यांनिशी प्रवासी बससेवा सुरू केली. संस्थानातल्या सरकारी एसटीची ती सुरुवात. मराठवाड्याच्या वाट्याला आलेली ही सेवा पुढे 1961 मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली. या बस बांधीव सडकांवरून धावत. जंगलाच्या आतल्या वाटा त्यानंतरही बराच काळ बैलगाड्यांच्याच राहिल्या आणि लाकडाचा लांबचा प्रवास मीटरगेज रेल्वे करी. त्यामुळे संस्थानी काळात जंगलातल्या मोटारीसाठी वेगळे नियम करण्याची गरज भासली नाही. जे नियम होते ते गाडीत काय भरले आहे याचे होते.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि सीमा सरकल्या. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके व बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात आले. मुधोळ, भैंसा, कुबेर, बिच्कुंदा आणि जुक्कल हा नांदेडचा भाग आंध्र प्रदेशात गेला. राजुरा 1959 मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला, किनवट मात्र नांदेडमध्येच राहिले. याच पुनर्रचनेत बीदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके इकडे आले. ते पुढे लातूर जिल्ह्याचा भाग झाले. एका रेषेने एकच जंगल दोन राज्यांत वाटले गेले. पलीकडे बोथ आणि आदिलाबाद, अलीकडे किनवट आणि माहूर, मधली झाडी आणि वाटा सलग. सीमेवरच्या सागाच्या चोरीची आणि ती रोखणाऱ्या नाक्यांची गोष्ट इथूनच सुरू होते.

राज्य बदलले तरी कायदा लगेच बदलला नाही. काही काळ जुना हैदराबादी कायदाच चालू राहिला. 1960 च्या एकीकरण कायद्याने 1927 चा भारतीय वन अधिनियम महाराष्ट्राच्या सर्व भागांना सारखा लागू केला, आणि त्यासोबत तीन तरतुदी किनवटच्या वाटांवर आल्या. कलम 26 ने राखीव जंगलात विनापरवाना प्रवेश हा गुन्हा ठरवला. कलम 41 ने वनोपजाची वाहतूक कोणत्या मार्गाने व्हावी, कोणत्या परवान्यावर व्हावी आणि कोणत्या नाक्यावर तपासली जावी हे ठरवण्याचा अधिकार सरकारला दिला. तिसरे कलम 25, ज्याची चर्चा फार थोडी होते. राखीव जंगलातली सार्वजनिक किंवा खासगी वाट वनअधिकाऱ्याला बंद करता येते, पण त्यासाठी सरकारची पूर्वमंजुरी लागते आणि सोयीची पर्यायी वाट आधीपासून असावी लागते किंवा नवी करून द्यावी लागते. गावकऱ्याच्या बाजूने उभे राहणारे एवढे स्पष्ट वाक्य त्या जुन्या कायद्यात क्वचितच सापडते. खंदक खणून किंवा अडथळा टाकून वाट तोडली जाते तेव्हा या कलमाची आठवण दोन्ही बाजूंनी ठेवायला हवी.

व्यवहारात मात्र सर्वांत जोरात चालले ते कलम 41. कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला पट्टा, तोडायचा, लाकडावर हातोड्याची निशाणी मारायची, वाहतूक परवाना घ्यायचा आणि ठरलेल्या रस्त्याने माल आगारात न्यायचा, अशी ही साखळी. ट्रक आले तेव्हा बैलगाडीसाठी बनलेली हीच साखळी त्यांना लागू झाली. नाक्यावरचा वनरक्षक गाडीच्या वेगाकडे पाहत नसे, त्याचे लक्ष ताडपत्रीखाली काय आहे याकडे असे. जप्तीचे कलम 52 मूळ केंद्रीय कायद्यात हत्यारे, होड्या, गाड्या आणि जनावरे यांच्यापुरते लिहिलेले होते. महाराष्ट्राने दुरुस्ती करून त्यात मोटारवाहने आणली आणि 1980 च्या दशकात वाहन सरकारजमा करण्याचा अधिकार वनअधिकाऱ्याला दिला. हा बदल मोठा होता. पूर्वी पकडलेल्या गाडीचा निकाल न्यायालयात लागेपर्यंत ती सुटून पुन्हा त्याच कामाला लागे. आता मालकाला वाहनच गमावण्याची भीती आली, आणि चोरटी वाहतूक ट्रकवरून लहान वाहनांकडे व दुचाकींकडे सरकली. सीमेलगतच्या आडवाटांवरून सागाचे ओंडके दुचाकीवर नेताना पकडल्याच्या बातम्या किनवट भागातून अजूनही येतात. वाहतुकीचे तपशील आधी 1942 च्या मुंबई वननियमांत होते, आता ते 2014 च्या महाराष्ट्र वननियमांत आहेत. डिसेंबर 2023 पासून देशभरासाठी ऑनलाइन वाहतूक परवान्याची व्यवस्थाही सुरू झाली आहे.

वाहन चालवण्याचा कायदा वेगळ्या वाटेने आला. 1988 चा मोटार वाहन अधिनियम 1 जुलै 1989 पासून अमलात आहे. त्यात सार्वजनिक जागेची व्याख्या व्यापक आहे. लोकांना जिथे जाण्याचा हक्क आहे असा कोणताही रस्ता किंवा वाट तिच्यात येते, मग ती आरपार जाणारी असो वा नसो. म्हणून गुड्याकडे जाणारा कच्चा रस्ता जंगलात असला तरी त्यावर चालणाऱ्या गाडीला नोंदणी, विमा आणि चालकाचा परवाना लागतोच. जंगलात पोलीस नसतात म्हणून कागद नसले तरी चालते, हा समज चुकीचा आहे. कलम 112 वेगमर्यादेचे आहे. कलम 115 नुसार रस्त्याचे किंवा पुलाचे स्वरूप पाहून, किंवा लोकांच्या सुरक्षिततेसाठी, सरकार ठरावीक वाहनांना बंदी घालू शकते. घाटरस्त्यांवर आणि यात्रेच्या दिवसांत जड वाहने अडवली जातात त्याचा आधार हाच. पण जाळरेषा, कूपाची तात्पुरती वाट किंवा रोपवनातली गस्तीची वाट या जागा लोकांच्या हक्काच्या नाहीत. तिथे वाहन परवाना खिशात असला तरी प्रवेश वनअधिनियमानेच ठरतो.

1972 मध्ये प्रश्नाचे रूपच बदलले. त्या वर्षीच्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने पहिल्यांदा गाडीतल्या मालाऐवजी गाडीतल्या माणसाकडे पाहिले. कलम 27 नुसार अभयारण्यात कर्तव्यावरचा सरकारी नोकर, राहण्याची परवानगी असलेला माणूस, आत स्थावर मालमत्तेवर हक्क असलेला माणूस, सार्वजनिक महामार्गाने अभयारण्यातून जाणारा प्रवासी आणि यातल्या पहिल्या तिघांवर अवलंबून असलेले कुटुंबीय एवढेच विनापरवाना येऊ शकतात. बाकी सर्वांना कलम 28 चा परवाना हवा, आणि तो अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन किंवा आतल्या रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार यांसाठी मिळतो. पैनगंगा अभयारण्य त्यानंतर जाहीर झाले. नदीच्या एका काठाला यवतमाळ जिल्ह्यातले उमरखेड, दुसऱ्या काठाला नांदेड जिल्हा. त्या दिवसापासून अभयारण्याच्या हद्दीतल्या वाटांवर हे कलम आले. महामार्गाची सवलत जाणाऱ्यासाठी आहे. गाडी रस्त्यावरून खाली उतरवून नाल्याकडे नेली, की ती सवलत संपते.

योगायोग असा की त्याच 1972 च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी सार्वजनिक जमिनीवर रस्ता सोडून धावणाऱ्या वाहनांबाबत आदेश काढला. पुढे 2005 मध्ये तिथल्या वनसेवेने असा नियम केला की प्रत्येक राष्ट्रीय वनाने मोटारीला खुल्या असलेल्या वाटांचा नकाशा छापायचा, आणि जी वाट नकाशावर नाही ती मोटारीला बंद. भारतीय कायद्याने माणसांची यादी केली, अमेरिकेने वाटांची. तिथल्या जंगलात मोटार मुख्यतः हौसेने येते, किनवटच्या जंगलात ती बाळंतिणीला दवाखान्यात नेण्यासाठी, कापूस विकायला नेण्यासाठी आणि आठवडी बाजारासाठीही येते. म्हणून ती पद्धत इथे जशीच्या तशी बसणार नाही. पण कोणती वाट कोणाची आणि कोणासाठी खुली, हे लेखी आणि नकाशावर असणे इथेही गरजेचे आहे. आज प्रवेशद्वारावरच्या फलकांवर मनाई लिहिलेली असते, वाटेचा दर्जा मात्र बहुधा लिहिलेला नसतो, आणि वनरक्षक व गावकरी यांच्यातले अनेक वाद तिथेच सुरू होतात.

रस्ता वापरण्याबरोबर रस्ता करण्याचेही नियम आले. 25 ऑक्टोबर 1980 पासून लागू असलेल्या वनसंवर्धन कायद्यानुसार वनजमीन दुसऱ्या कामाला वळवायची तर केंद्राची मंजुरी लागते. 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने जंगलाचा अर्थ शब्दकोशातल्याइतका रुंद केला, मालकी कोणाचीही असो. परिणामी तांड्यांपर्यंतचे अनेक रस्ते कागदावर अडकले. 2006 च्या वनहक्क कायद्याने काही प्रमाणात वाट काढली. कलम 3(2) प्रमाणे शाळा, दवाखाना, पाणीपुरवठा यांच्यासह रस्त्यासाठीही वनजमीन देता येते. अट अशी की प्रत्येक कामाला जमीन एक हेक्टरपेक्षा कमी लागावी, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तुटू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. किनवट भागातली बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत, त्यामुळे तिथे ग्रामसभेच्या शब्दाला आणखी वजन आहे. एकेकाळी ज्या लोकांची वाट रेषा आखून तोडली, त्यांच्याच सभेच्या शिफारशीवर आता रस्ता ठरतो. या शंभर वर्षांतला हा सर्वांत न्याय्य बदल म्हटला पाहिजे. 1980 च्या वनसंवर्धन कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीने रस्त्याच्या किंवा रेल्वेच्या कडेच्या वस्तीला जोडणीसाठी 0.10 हेक्टरपर्यंतच्या वनजमिनीला केंद्राच्या मंजुरीतून सूट दिली.

रस्ते रुंद आणि गुळगुळीत झाले तसा वेग वाढला, आणि वन्यप्राण्यांना गाडीचा धोका बंदुकीइतकाच खरा झाला. 2019 मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ पैनगंगेच्या जंगलासह विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगणाचे भाग ओलांडत, सुमारे 1300 किलोमीटर चालून बुलढाण्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यातल्या कॉलरमुळे त्याचा मार्ग कळला. वाटेत त्याने कितीतरी रस्ते ओलांडले, आणि ते बहुतेक कुठल्याही अभयारण्याच्या हद्दीत नव्हते. बंदीपूरच्या जंगलात कर्नाटकाने 2009 मध्ये महामार्गावर रात्रीची वाहतूक बंद केली. नागपूरजवळ पेंचच्या जंगलातल्या महामार्गाखाली प्राण्यांसाठी भुयारी मार्ग बांधले गेले. किनवटच्या महामार्गाचा विचार करताना ही दोन्ही उदाहरणे समोर ठेवण्याजोगी आहेत. रात्रीची सरसकट बंदी इथल्या रुग्णाला आणि शेतकऱ्याला परवडणार नाही, वेगरोधक आणि पुलांखालची मोकळी जागा मात्र कोणाचे काहीच अडवत नाही.

शेजारच्या लातूर जिल्ह्याची गोष्ट मात्र थोडक्यात संपते. 1982 मध्ये उस्मानाबादमधून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्क्याच्याही खाली आहे. चाकूर तालुक्यातले वडवळ नागनाथ बेट औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध आहे. बाकी बालाघाटच्या माळरानांवर वनखात्याचे तुकडे विखुरलेले आहेत. इथे लाकडाची वाहतूक कधी मोठी नव्हती आणि अभयारण्यही नाही. पण थोडक्या जंगलावर चाक फिरण्याचे नुकसान जास्त. माळावरचा मातीचा थर पातळ असतो. दुचाकी आणि ट्रॅक्टर यांच्या चाकोऱ्यांनी तो एकदा फाटला की पहिल्या पावसात वाहून जातो, आणि गवत परत यायला वर्षे लागतात. वनजमिनीवर गाडी घालण्यास मनाई करणारे कलम 26 लातूरच्या राखीव तुकड्यांनाही किनवटइतकेच लागू आहे.