‘पहिला’ लिहिण्याआधी

संशोधनात सगळ्यात धोक्याचा शब्द कुठला, असं विचाराल तर मी सांगेन: ‘पहिला’. मी स्वतः त्यात अडकले होते. माझ्या प्रकरणाच्या मसुद्यात एक वाक्य होतं, ‘जगातला पहिला ॲसिड हाऊस अल्बम भारतात झाला.’ मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहिलं: ‘कशावरून?’

अल्बम चरणजित सिंग यांचा: ‘सिंथेसाइझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. ते मुंबईत हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर भैरवी, यमन, मालकंस असे दहा राग वाजवले. टीआर-८०८ वर ठेका, टीबी-३०३ वर बास, ज्युपिटर-८ वर रागाची सुरावट. रेकॉर्ड फारशी चालली नाही. २०१० मध्ये नेदरलँड्समधून ती पुन्हा निघाली आणि ऐकणारे चक्रावले. शिकागोच्या फ्यूचर या गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ १९८७ ची, मग हे आधी कसं? काहींना तर ही बनवाबनवीच वाटली.

आता माझ्या त्या वाक्याचे तीन तुकडे करून बघा.

एक, काळ. ही यंत्रं तेव्हा मिळत होती. पण त्यातून फक्त ‘शक्य होतं’ एवढंच सिद्ध होतं. खरा पुरावा म्हणजे ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाची मूळ रेकॉर्ड, आणि ती कशी केली हे सांगायला तेव्हा हयात असलेले खुद्द सिंग. बनावटीची शंका इथे मिटते.

दोन, प्रकार. मुखपृष्ठावर ‘डिस्को’ लिहिलंय. तेव्हा हिंदी सिनेमात डिस्कोचीच हवा होती. ‘ॲसिड हाऊस’ हे नाव नंतरचं. शिवाय ‘ॲसिड ट्रॅक्स’मध्ये ३०३ चा एकच तुकडा फिरत राहतो आणि बटणं पिळून त्याचा आवाज बदलत नेतात. इथे रागाची सुरावट पुढे आहे, ३०३ तिच्याखाली. आवाज सारखा वाटतो, कारण यंत्र तेच.

तीन, प्रभाव. शिकागोकरांनी ही रेकॉर्ड ऐकल्याचा पुरावा नाही. ३०३ मुळात गिटारवादकांना बासची साथ मिळावी म्हणून काढलेलं यंत्र. ते बाजारात पडलं, जुनं स्वस्तात मिळू लागलं, आणि तिथल्या तरुणांच्या हाती लागलं.

म्हणजे आधी येणं वेगळं, उगम असणं वेगळं. दोन्ही एक केलं तर दोघांवर अन्याय होतो. शिकागोच्या कृष्णवर्णीय तरुणांचं श्रेय जातं, आणि सिंगसाहेब स्वतः काय करू पाहत होते, हा प्रश्नच कुणी विचारत नाही.

माझं वाक्य आता असं आहे: ‘१९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवले, पुढे ॲसिड हाऊसची ओळख ठरलेलं यंत्र त्यात आहे.’ वाक्य मिळमिळीत वाटेल. पण यावर कुणी ‘कशावरून?’ विचारलं, तर माझ्याकडे उत्तर आहे.

तुमच्या मसुद्यात ‘पहिला’ किती वेळा आलाय, एकदा शोधून बघा.