पोहरादेवीचा नंगारा आणि पोलिसांचे दप्तर

‘इतिहास शिकून काय मिळणार?’ हा प्रश्न आज घरोघरी ऐकू येतो. मूल दहावी उत्तीर्ण झाले की त्याच्यापुढे विज्ञान आणि वाणिज्य या दोनच वाटा मांडल्या जातात. इतिहासाच्या वाट्याला सनावळ्यांच्या पाठांतराची अपकीर्ती तेवढी उरते. राजेरजवाडे गेले, लढाया संपल्या. मग त्यांचे स्मरण कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर आम्ही राजवाड्यात वा किल्ल्यात शोधू इच्छीत नाही. ते आम्हांस वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी या गावी सापडते.

पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. येथे जगदंबेचे देऊळ आहे आणि संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्रातून आणि शेजारच्या राज्यांतून तांड्यातांड्यांतील माणसे येथे लोटतात. परंपरेप्रमाणे महाराजांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ रोजी झाला. १७३९ हे साल आमच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. त्याच वर्षीच्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला घेतला. ती हकिकत आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. त्याच साली जन्मलेल्या आणि लक्षावधी लोकांच्या श्रद्धेचा विषय झालेल्या या संताचे नाव मात्र आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले असेल?

रेल्वे येण्यापूर्वी या देशाचे धान्य आणि मीठ बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून फिरत असे. ‘लमाण’ हा शब्द लवणावरून, म्हणजे मिठावरून आला, असे अनेक अभ्यासक मानतात. समुद्रकाठचे मीठ देशावर जावे आणि तिकडचे धान्य घेऊन तांडा परतावा, असा हा व्यवहार होता. सैन्यांचे पोटही याच गोणींवर चाले. दख्खनेत उतरलेल्या मोगलांना त्यांनी धान्य पुरविले, मराठ्यांना पुरविले आणि इंग्रजांनाही पुरविले. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वऱ्हाडातील अडगाव येथे लढाई जिंकणाऱ्या आर्थर वेलस्लीच्या फौजेची रसदही बंजाऱ्यांच्या बैलांवर अवलंबून होती.

पुढे १८५३ साली मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली आणि १८६७ पर्यंत वऱ्हाड ओलांडून ती नागपुरास पोहोचली. बैलाच्या पाठीवरची गोणी वाघिणीत गेली. रेल्वेच्या आगमनाचे वर्णन आपली पाठ्यपुस्तके प्रगती म्हणून करतात, आणि ते खोटे नव्हे. परंतु त्याच रुळांखाली एका संपूर्ण समाजाचा रोजगार गाडला गेला, हे वाक्य त्या धड्यात सहसा नसते.

आता खरा प्रश्न येतो. या समाजाची हकिकत लिहिली कोणी? बंजाऱ्यांच्या गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. त्यांचा इतिहास ढाडींच्या गाण्यांत आणि वडीलधाऱ्यांच्या मुखी होता. कागदावर तो प्रथम सविस्तर उतरविणाऱ्यांत वऱ्हाडच्या पोलिस खात्यातील कंबरलेज नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याची टिपणे १८८२ साली छापली गेली. १९१६ साली मध्य प्रांतातील जातिजमातींवर मोठा ग्रंथ सिद्ध करणाऱ्या रसेलने बंजाऱ्यांवरील प्रकरणासाठी त्यांचाच मुख्य आधार घेतला. त्या टिपणांत मोलाची माहिती आहे, यात शंका नाही; पण पाहणारा डोळा पोलिसाचा होता. फिरता माणूस म्हणजे संशयित, ही त्या काळच्या सरकारची धारणा होती. तिच्यातूनच १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. तो पुढे इतर प्रांतांत पसरला आणि निरनिराळ्या भागांत बंजाऱ्यांच्या काही गटांची नोंद त्याखाली झाली. ज्यांची नोंद झाली, त्यांच्या नशिबी हजेरी आणि परवाना आला. गुन्हा केल्यामुळे नव्हे, तर जन्म घेतल्यामुळे! तो कायदा देशभर रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी.

कायदा गेला, पण दप्तर राहिले. तोच बंजारा आज महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो, तेलंगणात अनुसूचित जमातींत आणि कर्नाटकात अनुसूचित जातींत. बोली एक, दैवत एक, सोयरीकही एक. दाखले मात्र तीन. २ सप्टेंबर २०२५ रोजी मराठा आरक्षणाच्या संदर्भात राज्य शासनाने हैदराबाद गॅझेटियरच्या नोंदी स्वीकारल्या, तेव्हा त्याच महिन्यात बंजारा समाजही त्याच नोंदींचा आधार घेऊन अनुसूचित जमातींत समावेशाची मागणी करीत रस्त्यावर उतरला. त्या मागणीचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. परंतु संस्थानी काळातील एका जुन्या ग्रंथातील ओळीवर आज मुलाचा कॉलेजप्रवेश आणि मुलीची नोकरी अवलंबून असू शकते, हे ज्याने पाहिले तो इतिहासाचा व्यवहारात काय उपयोग, असे पुन्हा विचारणार नाही.

आपल्यालाही हे अपरिचित नाही. १८८७ साली आपल्या पूर्वजांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले, तेही नोकऱ्यांच्या स्पर्धेत आपली वेगळी ओळख पटावी म्हणून. जमिनीच्या वारसासाठी वा कुळाच्या शोधासाठी चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदवह्या उघडाव्या लागतात, तेव्हा जुन्या कागदाचे मोल आपल्याला कळते. ज्यांच्यापाशी अशी नोंदवहीच नव्हती, त्यांची अवस्था यावरून ओळखावी.

इतिहास आपल्याला रोजच्या उपयोगाचा एक प्रश्न शिकवतो: हे कोणी लिहिले, कशासाठी लिहिले? वर्तमानपत्रातील बातमी असो, नाक्यावरची अफवा असो वा शेजाऱ्याविषयीची कुजबुज असो, हा प्रश्न विचारणारा मनुष्य सहजासहजी फसत नाही आणि सहजासहजी अन्यायही करीत नाही. मात्र तो प्रश्न स्वतःच्या परंपरेलाही विचारावा लागतो. पोलिसाच्या टिपणाप्रमाणे ढाडीचे गाणेही पारखून घ्यावे लागते. केवळ अभिमानासाठी वाचलेला इतिहास दुसऱ्या बाजूने आंधळा करतो.

पोहरादेवीला आज नंगाऱ्याच्या आकाराची एक भव्य इमारत उभी आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेले हे बंजारा विरासत संग्रहालय. ज्यांची कहाणी इतरांनी लिहिली, त्यांनी ती आता स्वतः सांगावयास घेतली आहे. आत्माराम कनीराम राठोड यांनी ‘तांडा’ या आत्मकथनातून हे काम लेखणीने केले. ही दोन्ही पावले आम्हांस स्वागतार्ह वाटतात.

वाचकहो, ऊसतोडीच्या फडावर, इमारतींच्या बांधकामावर आणि शहरांतील मजूर-नाक्यांवर बंजारा कुटुंबे आपल्याला भेटतात. गावात चोरी झाली की संशयाचे बोट प्रथम परक्या पालाकडे वळते. ते बोट वळविणाऱ्याला १८७१ चा कायदा ठाऊक नसतो. तरी तो कायदा त्याच्या हातून अजून राबत असतो. तेव्हा घरातील वृद्धांना त्यांची हकिकत विचारून ती लिहून ठेवावी, आणि दारात कामाला आलेल्या माणसालाही त्याच्या गावाची, तांड्याची हकिकत विचारावी. इतिहासाचा अभ्यास एवढ्यापासून सुरू करता येतो.