जलतरण-पोशाख व तलावातील क्लोरीन

पोहण्याच्या तलावाचे पाणी निर्जंतुक करणारे क्लोरीन हे मुळात कापडधंद्यातील द्रव्य होय. कार्ल व्हिल्हेल्म शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञांनी १७७४ मध्ये हा वायू प्रथम तयार केला. फ्रान्समध्ये बेर्तॉले यांनी १७८५ च्या सुमारास त्याचा विरंजक (रंग घालविणारा) गुण ओळखला आणि १७९९ मध्ये चार्ल्‌स टेनंट यांनी विरंजक चूर्णाचे एकस्व घेतले. कापड शुभ्र होण्यासाठी ते आठवडेच्या आठवडे कुरणावर उन्हात पसरून ठेवण्याची प्रथा त्यामुळे मागे पडली. मात्र द्रव्याचे प्रमाण चुकले, तर रंगाबरोबर धाग्याचे बळही जाते, हा त्या धंद्यातील धडा होता. तो शतकभरानंतर पोहणाऱ्यांच्या वाट्याला आला.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधील सार्वजनिक स्नानगृहांचे तलाव ठराविक दिवसांनी रिकामे करून पुन्हा भरीत. पाणी जसजसे मळे, तसतसा प्रवेशाचा दरही अनेक ठिकाणी उतरे. १९०८ मध्ये जर्सी सिटीच्या नळाच्या पाण्यात नियमितपणे क्लोरीन मिसळण्यास आरंभ झाला आणि १९१० मध्ये अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या तलावात ते वापरण्यात आले. त्या काळचा पोशाख विणलेल्या लोकरीचा असे. त्याचे सुटे तंतू गाळण-यंत्रणेत अडकत. शिवाय कपड्यांतून येणारा मळ ही आरोग्याधिकाऱ्यांची चिंता होती. अमेरिकन सार्वजनिक आरोग्य संघटनेच्या १९२६ च्या शिफारशींत केवळ पुरुषांसाठी असलेल्या बंदिस्त तलावांत विवस्त्र पोहणे आवश्यक करावे, असे सुचविले होते, हे आज चमत्कारिक वाटेल.

क्लोरीन पाण्यात मिसळले म्हणजे हायपोक्लोरस अम्ल तयार होते. जंतू मारण्याचे काम प्रामुख्याने तेच करते आणि तंतूंवर हल्लाही तेच करते. पीएच मूल्य ७·५ च्या आसपास असताना मुक्त क्लोरिनाचा सु. निम्मा भाग या अम्लाच्या रूपात असतो. पीएच ८ ला तो चतुर्थांशाइतका उरतो. म्हणून पाणी अधिक अम्लधर्मी झाले की, क्लोरिनाची मात्रा तीच असूनही पोशाखाला अधिक झळ पोहोचते. तलावाचा उग्र वास हे क्लोरीन जास्त झाल्याचे लक्षण मानले जाते, ते बरोबर नाही. घाम व मूत्र यांतील नायट्रोजनयुक्त द्रव्यांशी संयोग होऊन बनलेल्या क्लोरामिनांचा तो वास असतो.

लोकरीच्या केराटिनातील गंधकाचे बंध क्लोरीन तोडते. नायलॉनमध्ये अमाइड गटातील नायट्रोजनाला क्लोरीन चिकटते व पुढे रेणुशृंखला तुटते. १९३० नंतरच्या दशकात रबरी गाभ्याच्या लॅस्टेक्स धाग्याने पोशाख अंगाबरोबर बसू लागला. पण रबरही क्लोरिनापुढे टिकाऊ नाही. १९५८ मध्ये ड्यू पाँट कंपनीतील जोझेफ शिव्हर्स यांनी स्पँडेक्स (लायक्रा) हा पॉलियुरेथेन तंतू शोधला आणि अंगासरशी पोशाखाचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले. १९७३ च्या बेलग्रेड येथील पहिल्या जागतिक जलतरण स्पर्धेत पूर्व जर्मनीच्या स्त्रियांनी असे तंग पोशाख घालून चौदापैकी दहा शर्यती जिंकल्या.

दुर्दैवाने ज्या धाग्याने हा ताण साधतो, तोच क्लोरिनापुढे सर्वांत दुबळा ठरतो. पोशाख विटण्यापूर्वीच कधी कधी सैल पडतो व बैठकीशी झिरझिरीत होतो, तो यामुळे. पॉलिएथर जातीचे स्पँडेक्स क्लोरिनाला लवकर बळी पडते. पॉलिएस्टर जातीचे त्यापुढे अधिक टिकते, पण ओलसरपणात जलविच्छेदनाने व बुरशीने खराब होते. उत्पादकांनी धाग्यात झिंक ऑक्साइड, हायड्रोटाल्साइट यांसारखी द्रव्ये मिसळून यावर तोड काढली. पॉलिब्यूटिलीन टेरेफ्थॅलेट (पीबीटी) हा तंतू वेगळ्या वाटेने टिकतो : त्याच्या शृंखलेत नायट्रोजन नसल्याने क्लोरिनाला पकड सापडत नाही आणि थोडा ताण त्याच्या अंगचाच असतो. रंगाचा पक्केपणा पाहण्यासाठी आयएसओ १०५-ई०३ या प्रमाणकानुसार नमुना लिटरमागे २० ते १०० मिग्रॅ. क्रियाशील क्लोरीन असलेल्या पाण्यात ठेवतात. नेहमीच्या तलावात ते लिटरमागे १ ते ३ मिग्रॅ. एवढेच असते.

२००८ मध्ये पॉलियुरेथेनचे पट्टे बसविलेल्या पोशाखांनी विक्रमांची रांग लावली आणि १ जानेवारी २०१० पासून आंतरराष्ट्रीय संघटनेने विणीच्या कापडाखेरीज अन्य पोशाखांस बंदी केली. तेव्हापासूनही शर्यतीचे पोशाख पातळ व अल्पायुषीच राहिले आहेत. रोज तासन्‌तास पाण्यात असणारे स्पर्धक सरावासाठी पॉलिएस्टर-पीबीटीचा वेगळा पोशाख वापरतात.