चकाचक गाडी आणि न लागणारा ब्रेक : कुर्ल्याच्या पद्मिनीची गोष्ट

[स्टार्टर फिरतो, थांबतो, पुन्हा फिरतो. इंजिन सुरू होतं.]

हेडफोन लावून ऐकत असाल तर आत्ता जो आवाज ऐकलात, तो १०८९ सीसीच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनचा. गाडीचं नाव प्रीमियर पद्मिनी, नोंदणी १९७४ची, मालक माझे आजोबा. हा आवाज आमच्या घरात बारा वर्षं कुणी ऐकला नव्हता. आजच्या भागात तो परत कसा आला ते सांगतो. आणि त्या निमित्ताने थोडा इतिहास, कारण या गाडीचा इतिहास कळल्याशिवाय ती दुरुस्त करता येत नाही, हे मला जरा महागात पडून कळलं.

सुरुवात माझ्या मूर्खपणापासून करतो.

आजोबा गेल्यावर गाडी ठाण्याला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर कव्हर घालून उभी होती. मला पहिला बोनस मिळाला आणि डोक्यात आलं, गाडी रिस्टोअर करायची. एका गॅरेजला दिली. पाच महिन्यांनी परत आली तेव्हा बाबांच्या डोळ्यांत पाणी. क्रीम रंग, नवीन सीट कव्हर, आरशासारखं क्रोम. फोटो टाकले, लाइक्सचा पाऊस. दुसऱ्या दिवशी गाडी सोसायटीच्या रॅम्पवरून खाली उतरवताना ब्रेक दाबला आणि पेडल थेट जमिनीला टेकलं. काहीच झालं नाही. म्हणजे गाडी थांबलीच नाही. हँडब्रेक ओढला आणि खालच्या खांबापासून हातभर अंतरावर थांबलो. बाबा शेजारच्या सीटवर होते. ते एक शब्द बोलले नाहीत, उतरले आणि जिन्याने वर गेले.

गॅरेजवाल्यांनी रंग काढला, पत्रा ठोकला, पण चाकं उघडलीच नव्हती. आमच्या गाडीत ब्रेक ऑइलचं एकच सर्किट आहे. एका चाकापाशी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो. बारा वर्षं उभ्या गाडीत ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, व्हील सिलिंडर आतून गंजतात, रबर कडक होतं. फोन केला तर गॅरेजवाले म्हणाले, "साहेब, ही गाडी शोसाठी ठेवा. चालवायचीच असेल तर आतलं सगळं काढून मारुतीचं इंजिन टाकू."

मग मी थांबलो आणि वाचायला लागलो. ही गाडी नक्की आहे काय?

शिवडी ते कुर्ला

मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात झाली १९२८मध्ये, शिवडीला. जनरल मोटर्सने तिथे कारखाना काढला. पण तिथे गाडी बनत नव्हती, फक्त जोडली जायची. सुटे भाग पेट्यांतून बोटीने यायचे, इथले कामगार नट-बोल्ट आवळायचे.

पूर्ण गाडी इथेच बनवायची, हे वेड होतं वालचंद हिराचंद यांचं. माणूस सोलापूरचा. जहाजं, विमानं, साखर, बांधकाम, सगळीकडे हात घातलेला. १९४४मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लर कंपनीशी करार करून डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या गेल्या. मग इटलीच्या फियाटशी करार झाला.

आता एक सरकारी निर्णय, जो ऐकायला कंटाळवाणा आहे पण माझ्या ब्रेकशी त्याचा थेट संबंध आहे. १९५३मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारने सांगितलं, नुसती जोडणी चालणार नाही. टप्प्याटप्प्याने सगळे भाग भारतात बनवायचा कार्यक्रम असेल तरच धंदा करा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली. याचा अर्थ असा, की कुर्ल्याच्या गाडीचा एकेक भाग हळूहळू इथेच कुणीतरी बनवायला शिकलं. पिस्टन, बुशिंग, गॅस्केट, रबर, सगळं.

इटलीत फियाट ११०० हे मॉडेल १९५३मध्ये आलं, दान्ते जाकोसा या इंजिनिअरच्या हातचं. पुढच्याच वर्षी ते कुर्ल्यात आलं. तिचं गोलगोल तोंड बघून आपल्या लोकांनी तिला नाव ठेवलं डुक्कर फियाट! आजही जुन्या गाड्यांच्या बाजारात हेच नाव चालतं, आणि ती बाळगणारे ते अभिमानाने सांगतात. १९६४मध्ये आली चौकोनी अंगाची ११०० डिलाइट. तीच पुढे फियाटशी करार संपल्यावर थोडा काळ प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४पासून पद्मिनी. गंमत बघा, इटलीत हे मॉडेल १९६६मध्ये बंद झालं. कुर्ल्यात ते २००० सालाच्या आसपासपर्यंत बनत राहिलं.

का? कारण स्पर्धाच नव्हती. परवाने मोजके, उत्पादन मोजकं, किमतीवर सरकारचं नियंत्रण, आणि गिऱ्हाइकांची ही लांब रांग. आजोबांनी गाडी बुक केली तेव्हा बाबा बालवाडीत होते. गाडी दारात आली तेव्हा ते चौथीत. तुम्ही-आम्ही दहा मिनिटांच्या डिलिव्हरीला पंधरा मिनिटं लागली तर चिडतो.

मिस्त्रीकाका

तर मला माणूस हवा होता. रंगारी नको, ही गाडी आतून ओळखणारा. विचारत विचारत कुर्ल्याला एका गल्लीत पोचलो. दहा बाय बाराचं शटर. मिस्त्रीकाकांनी सत्तरी ओलांडलेली, चाळीस वर्षं काळ्या-पिवळ्या टॅक्सी दुरुस्त करण्यात गेलेली. गाडी टेम्पोवरून उतरवली. त्यांनी रंगाकडे पाहिलंही नाही. आडवे झाले, खाली शिरले, आणि खालूनच आवाज आला, "वरून नवरी केलीय रे, पाय मोडलेत त्याचं काय?"

पहिले दोन दिवस त्यांनी गाडी सुरूच करू दिली नाही. स्पार्क प्लग काढले, भोकांतून थोडं थोडं ऑइल सोडलं, रात्रभर ठेवलं आणि सकाळी इंजिन हाताने फिरवलं. का? तर बारा वर्षांत पिस्टनच्या रिंग सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात. थेट स्टार्टर मारला तर रिंग तुटते आणि सिलिंडर ओरबाडला जातो. मग टाकी उतरवली. आतून गंजाचा चुरा निघाला, तो पेट्रोलबरोबर कार्बोरेटरमध्ये गेला असता. टायरवर नक्षी भरपूर होती, पण काकांनी बाजूवरचे चार आकडे वाचायला लावले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर माझ्या इंजिनिअरिंग कॉलेजपेक्षा जुने निघाले. गेले भंगारात.

ब्रेकचं काम चार दिवस चाललं. मास्टर सिलिंडर, चारही ड्रम, सगळे पाइप. इंधनाचे रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदाही बदलला, कारण आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला खातं आणि पाणी ओढून घेतं. १९७४मध्ये या गाडीचा कुणी असा विचार केला असणं शक्यच नव्हतं.

मला सगळ्यात आवडलं ते टायमिंग. आजच्या गाडीत ते कॉम्प्युटर ठरवतो. पद्मिनीत डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन छोटे पॉइंट उघड-मीट करतात, आणि ते उघडले की ठिणगी पडते. तो क्षण सापडायचा कसा? काकांनी एक छोटा बल्ब वायरीने जोडला, इग्निशन चालू केलं आणि इंजिन हाताने अगदी सावकाश फिरवलं. पॉइंट मिटलेले असताना बल्ब बंद. उघडले, बल्ब पेटला. ती खूण पाहून डिस्ट्रिब्युटर केसभर वळवून आवळला. मी उभा राहून बघतच राहिलो. अरे, हे तर आपलं डीबगिंग! कोड चालतोय का ते कळायला आपण मध्येच एक ओळ प्रिंट करतो, तसंच. फक्त इथे स्क्रीनऐवजी पाच रुपयांचा बल्ब.

मी विचारलं, "काका, हे कुठे लिहिलंय?" ते म्हणाले, "लिहायचं काय त्यात? बघितलंस ना आता?"

टॅक्सी होती म्हणून

गिअरच्या दांड्याच्या बुशी मिळेनात. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगला असतो, आणि तिथल्या बुशी झिजल्या की तो अडकतो. काकांबरोबर ऑपेरा हाऊसच्या सुट्या भागांच्या बाजारात तीन चकरा झाल्या. एक दुकानदार हसून म्हणाला, "टॅक्सी गेली, माल गेला."

तेव्हा मला ही साखळी नीट दिसली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३पासून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे रस्त्यावरून गेली. त्या दिवशी सगळ्यांनी हळवे व्हिडिओ टाकले, मीही टाकला. पण टॅक्सीबरोबर अजून काय गेलं ते आपण बोललोच नाही. टॅक्सीला रोज ब्रेक लागायचा, म्हणून रबर बनवणारा कारखाना चालायचा, म्हणून दुकान चालायचं, म्हणून मिस्त्री तयार व्हायचा आणि त्याच्या हाताखाली पोरगं शिकायचं. आमच्यासारख्यांच्या रविवारच्या गाड्या टॅक्सीवाल्यांच्या जिवावर जगत होत्या. काकांकडे आज हाताखाली कुणी नाही. त्यांचा मुलगा बँकेत आहे.

बुशी शेवटी काकांनी लेथवर करून घेतल्या. मापाचा कागद नव्हता, जुनी झिजलेली बुश आणि त्यांचा अंदाज.

व्हीए की रस्ता?

आता कागदपत्रं. २०२१मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात असलेली, चासी-बॉडी-इंजिनमध्ये मोठा बदल न केलेली गाडी असेल, तर 'व्हीए' अक्षरांची खास नंबर प्लेट मिळते. नवीन नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. मारुतीचं इंजिन टाकलं असतं तर हा दरवाजा कायमचा बंद झाला असता.

आमची गाडी २०२४मध्ये पन्नाशीची झाली. पण व्हीए घेतली की रोजच्या वापराला ती चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, पेट्रोल भरायला जाणं, एवढंच. दुसरा मार्ग म्हणजे साधी नोंदणी पुढे वाढवायची. त्यासाठी आरटीओची तपासणी, विमा, पीयूसी, पर्यावरण कर, आणि पाच वर्षांनी पुन्हा तेच.

घरात चर्चा झाली. आई म्हणाली, "मान आहे तो, घे व्हीए." मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "उभी ठेवलीस तर पुन्हा बारा वर्षांनी माझ्याकडे आणशील. तेव्हा मी कुठं असणार?"

साधी नोंदणी घेतली.

तपासणीला गाडी टेम्पोवरूनच नेली, पास झाली, आणि शेवटच्या सेटिंगसाठी पुन्हा कुर्ल्याला आली. एका रविवारी सकाळी सहा वाजता मी आणि बाबा ती घ्यायला गेलो. जुना कारखाना बंद होऊन त्या जागेवर आता टॉवर उभे आहेत. प्रीमियर रोड मात्र अजून त्याच नावाने आहे. तिथून एलबीएस मार्गाला लागलो.

एलबीएस म्हणजे लालबहादूर शास्त्री. पंतप्रधान असताना शास्त्रीजींनी फियाट घेतली होती, १९६४चं मॉडेल, क्रीम रंगाची. किंमत बारा हजार, हातात सातच होते, म्हणून पाच हजारांचं कर्ज पंजाब नॅशनल बँकेकडून. ते गेल्यावर ललिताबाईंनी पेन्शनमधून ते कर्ज फेडलं. ती गाडी दिल्लीत त्यांच्या स्मारकात उभी आहे. आणि कुर्ल्यातच बनलेली तिची धाकटी बहीण त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून ठाण्याकडे निघाली होती, ताशी चाळीसच्या वेगाने. मागचे रिक्षावाले हॉर्न मारत होते.

घाटकोपर, विक्रोळी, भांडुप. मुलुंडच्या सिग्नलला बाबा म्हणाले, "दे मला." जागा बदलल्या. त्यांनी पहिला गिअर टाकला तेव्हा हात चाचपडलासुद्धा नाही. आणि सोसायटीच्या रॅम्पवर, त्याच रॅम्पवर, त्यांनी मधोमध मुद्दाम ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. ते माझ्याकडे बघून हसले आणि मग खाली उतरवली.

सध्या मी दर शनिवारी काकांकडे जातो. फोन स्टँडवर लावतो आणि ते काम करत असताना शूट करतो. टायमिंग, ब्रेक, कार्बोरेटर, गिअरच्या बुशी, आता लेथवाल्याला द्यायला मापासकट. काका अजूनही म्हणतात, लिहायचं काय त्यात. पण मागच्या वेळी कॅमेऱ्यात नीट दिसावं म्हणून त्यांनी स्वतःच बल्ब जरा वर धरला.

तुमच्या घरी, चाळीत, गावी अशी एखादी गाडी कव्हरखाली उभी असेल, तर रंगाचं कोटेशन नंतर काढा. आधी तिला ओळखणारा मिस्त्री शोधा, आणि तो हात चालवत असताना फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. असा कुणी तुम्हाला माहीत असेल तर मला नक्की कळवा.

भेटूया पुढच्या भागात. तोवर हळू चालवा, आणि आधी ब्रेक तपासा!

[इंजिन बंद होतं.]