संगणक अभियांत्रिकी : कर्जाचा हप्ता आणि हाती येणारा पगार

प्रतिनिधी

सीईटीचा निकाल लागला की अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिका घरोघरी पोहोचतात. त्यांत 'सर्वोच्च पॅकेज'चा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो. बँकेच्या कर्जमंजुरीपत्रातील व्याजाचे कलम मात्र बारीक टाइपात असते. कर्ज काढून संगणक अभियांत्रिकीची पदवी घेणे परवडेल का, हे ठरविण्यासाठी या दोन्ही कागदांतील आकडे शेजारी शेजारी मांडावे लागतात.

दरवर्षी दीड लाख याप्रमाणे चार वर्षांत ६ लाखांचे कर्ज घेतले आणि व्याजदर १० टक्के आहे, असे समजू. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेनुसार अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. याचा अर्थ व्याज थांबते असा अनेक पालकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. या पाच वर्षांत सरळव्याजाने २ लाख १० हजार रुपये चढतात आणि परतफेड सुरू होताना मुद्दल ८ लाख १० हजार झालेले असते. दहा वर्षांत ते फेडायचे तर मासिक हप्ता सुमारे १०,७०० रुपये बसतो आणि एकूण १२ लाख ८४ हजार भरावे लागतात. पंधरा वर्षांची मुदत घेतल्यास हप्ता ८,७०० रुपयांवर येतो; परंतु एकूण परतफेड पावणेसोळा लाखांच्या घरात जाते.

पगाराची बाजू

मोठ्या आयटी सेवा कंपन्या नवपदवीधरांना सर्वसाधारणपणे वर्षाला साडेतीन ते चार लाख देतात. महाविद्यालयांचे शुल्क वाढत गेले, तरी हा आकडा दशकाहून अधिक काळ फारसा हललेला नाही. वार्षिक ३ लाख ६० हजार म्हणजे महिना ३० हजार, हा हिशेब कागदावरचाच. भविष्यनिर्वाह निधीतील दोन्ही वाटे, ग्रॅच्युइटी, विमा व व्यवसाय कर वजा जाता हातात २५ हजारांच्या आसपास पडतात. त्यातून १०,७०० रुपयांचा हप्ता गेला की पुण्या-बंगळुरूत घरभाडे, मेस आणि प्रवास उरलेल्या १४ हजारांत भागवायचा.

'सरासरी पॅकेज' या शब्दानेही फसगत होते. दहापैकी नऊ जणांना ४ लाख आणि एकाला ४४ लाख मिळाले, तर सरासरी ८ लाख येते. प्रत्यक्षात ८ लाख कोणालाच मिळालेले नसतात. त्यामुळे प्रवेशापूर्वी त्या महाविद्यालयातील त्याच शाखेचा मध्यांक विचारावा. निम्म्या मुलांना ज्याहून कमी मिळाले, तो हा आकडा. नोकरी न लागलेले किती, हेही विचारावे. कित्येक माहितीपुस्तिकांत त्यांची गणतीच नसते.

नोकरीचे पत्र हाती आले तरी रुजू होण्याची तारीख आपल्या हातात नसते. २०२२ मध्ये निवड झालेल्या अनेकांना मोठ्या कंपन्यांनी महिनोन्‌महिने ताटकळत ठेवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाखांचे पत्र दिलेल्या नवपदवीधरांपुढे साडेतीन लाखांचा पर्याय ठेवला. बँकेची मुदत मात्र अशा वेळी पुढे सरकत राहते. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते आणि सहकर्जदार असलेल्या वडिलांच्या किंवा आईच्या सिबिल गुणांनाही फटका बसतो.

हप्ता कसा आटोक्यात राहील?

हातातील पगाराच्या एक-तृतीयांशापेक्षा हप्ता जास्त नसावा, हा ठोकताळा आमच्या मते योग्य आहे. २५ हजारांवर ही मर्यादा ८,३०० रुपये येते. वरील उदाहरणात शिक्षण चालू असतानाच व्याज भरत गेल्यास मुद्दल ६ लाखच राहते आणि दहा वर्षांचा हप्ता ७,९३० रुपयांवर येतो. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला १,२५० रुपये असते आणि चौथ्या वर्षी ५ हजारांपर्यंत चढते. ज्या घराला हे झेपते, त्याने ते टाळू नये.

कर्जाची रक्कमच कमी करण्याचे मार्ग मात्र प्रवेशाच्या वेळीच ठरतात. २०२४-२५ पासून राज्यात कॅप फेरीतून प्रवेश घेणाऱ्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की ही सवलत जाते. केवळ 'संगणक' हे नाव मिळावे म्हणून कोट्यातून दुप्पट शुल्क भरणाऱ्यांनी याचा विचार केलेला दिसत नाही. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी केंद्राची व्याज अनुदान योजना २००९ पासून आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत मिळते. परंतु ती निवडक दर्जेदार संस्थांपुरतीच आहे.

दोन-तीन वर्षांच्या अनुभवानंतर नोकरी बदलताना अनेकांचा पगार चांगला वाढतो. बदलत्या व्याजदराचे कर्ज मुदतीआधी फेडल्यास बँक दंड आकारू शकत नाही. त्यामुळे वाढीव पगारातील रक्कम मुद्दलात भरता येते. प्राप्तिकरातील शैक्षणिक कर्जाची व्याजवजावट आठ वर्षे मिळत असली, तरी नव्या करप्रणालीत ती लागू नाही.