आठ लाखांची कुळकथा

बारावीचा निकाल लागला, कॅप राउंडच्या तारखा आल्या, की घरोघरी एकच हिशेब सुरू होतो: आपण आठ लाखांत बसतो का? वडिलांचा फॉर्म १६ निघतो, आईच्या शिकवण्यांचे पैसे धरायचे की नाही यावर वाद होतो, गावाकडच्या सातबाऱ्यावर नाव आहे हे एकदम कोणाला तरी आठवतं. मग सेतू केंद्र, तलाठ्याचा अहवाल, तहसीलदाराचा दाखला, महाडीबीटी. या सगळ्या धावपळीत एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. आठच का? सात का नाही, दहा का नाही?

मी त्या आकड्याचा माग काढला, तेव्हा सर्वांत आधी एक विचित्र गोष्ट हाती लागली. हा आकडा मुळात कोणाला मदत द्यावी हे ठरवायला जन्मलेलाच नाही. कोणाला बाहेर काढावं हे ठरवायला तो जन्मला.

महाराष्ट्राची स्वतःची परंपरा अगदी वेगळी होती. यशवंतराव चव्हाणांच्या काळात ज्या पालकांचं वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांच्या आत, त्यांच्या मुलांना फी माफ झाली. तीच ती ईबीसी. महिन्याला शंभर रुपये हा त्या काळी खेड्यातल्या माणसालाही बोटांवर मोजता येणारा हिशेब होता. आजच्या आठ लाखांना मात्र हा पूर्वज लाभलेला नाही. त्यांचं घराणं दिल्लीचं.

१६ नोव्हेंबर १९९२ रोजी इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षण उचलून धरलं, पण मागास वर्गातल्या पुढारलेल्यांना, म्हणजे ‘क्रिमी लेअर’ला, वगळा असं सांगितलं. निकाल सर्वांना माहीत आहे. फारसं कोणी न वाचलेला कागद त्यानंतरचा आहे. निवृत्त न्यायमूर्ती राम नंदन प्रसाद यांच्या समितीने मार्च १९९३ मध्ये अहवाल दिला आणि ८ सप्टेंबर १९९३ ला केंद्राचं ज्ञापन निघालं. त्यात वगळायच्या लोकांचे सहा वर्ग आहेत. घटनात्मक पदांवरचे लोक एकीकडे, सरकारी नोकर त्यांच्या हुद्द्यावरून, शेतकरी जमिनीवरून: सिंचनाखालची जमीन कमाल धारणा मर्यादेच्या ८५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर बाहेर. या चाळण्यांतून जे सुटतील, म्हणजे डॉक्टर, वकील, व्यापारी वगैरे, त्यांच्यासाठी शेवटची चाळणी उत्पन्नाची. सलग तीन वर्षं एक लाख किंवा त्याहून जास्त उत्पन्न असेल तर तुम्ही ‘साय’ ठरलात.

हा एक लाख म्हणजे आठ लाखांचा मूळपुरुष. तो आला कुठून?

सर्वसाधारण मत असं की सोयीचा गोल आकडा म्हणून घेतला. असेलही, सरकारला गोल आकड्यांचा सोस असतोच. पण माझी खात्री वेगळी आहे. १९९२ च्या अर्थसंकल्पात मनमोहन सिंगांनी प्राप्तिकराचे टप्पे तीनवर आणले. सर्वांत वरचा, ४० टक्क्यांचा टप्पा नेमका एक लाखाच्या पुढे सुरू होत होता. समितीने अहवाल दिला तेव्हा हेच दर चालू होते. शिवाय ही चाळणी ज्यांच्यासाठी होती ते डॉक्टर-व्यापारी म्हणजे विवरणपत्र भरणारी मंडळी. त्यांच्यातले सुखवस्तू कोण, हे ठरवायला समितीने प्राप्तिकराच्या वरच्या टोकाकडे पाहिलं नसेल, तर कुठे पाहिलं असेल?

माझ्या या लाडक्या तर्काला पुढची वर्षं फारशी साथ देत नाहीत, हे खरं. उत्पन्नाची मर्यादा दर तीन वर्षांनी बदलावी असं ज्ञापनातच म्हटलं होतं, पण पहिला बदल व्हायला २००४ उजाडलं: अडीच लाख. मग २००८ मध्ये साडेचार, २०१३ मध्ये सहा आणि सप्टेंबर २०१७ मध्ये आठ. या वाढी रुपयाची घसरलेली किंमत पाहून केल्या, असं सरकारी उत्तर आहे आणि ते मान्य करायला हवं. २०१३ मध्ये प्राप्तिकराचा वरचा टप्पा दहा लाखांपुढे होता आणि क्रिमी लेअर सहावर. म्हणजे मूळपुरुष प्राप्तिकराच्या घरातला, पण वंशजांनी घर सोडून महागाईच्या दारात बिऱ्हाड केलं. वंशावळीत असं चालतंच.

खरी गंमत पुढे आहे. जानेवारी २०१९ मध्ये १०३ वी घटनादुरुस्ती होऊन आर्थिक दुर्बल घटकांचं आरक्षण आलं आणि त्यालाही मर्यादा आठ लाख! ‘पुढारलेला कोण’ हे सांगणारा आकडा एका उडीत ‘दुर्बल कोण’ हे सांगू लागला. २०२१ मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला हेच विचारलं: हा आकडा कशाच्या आधारावर? मग अजय भूषण पांडे यांची समिती नेमली गेली. वर्षअखेरीला तिने आठ लाख कायम ठेवले. समर्थनातला एक मुद्दा असा की वजावटी आणि सवलती धरल्या तर साधारण तेवढ्या उत्पन्नापर्यंत माणसाला प्राप्तिकर शून्य बसतो.

इथे मी कागद खाली ठेवला. माझा तर्क बरोबर असेल तर १९९३ चा एक लाख हा प्राप्तिकर जिथे सर्वांत कडक होई ती जागा होती. आणि २०२१ चे आठ लाख ही प्राप्तिकर जिथे सुरूच होतो ती जागा. माळ्यावर जन्मलेला आकडा तळमजल्यावर राहायला आला, आणि आडनाव तेच!

शिष्यवृत्तीतही हीच वाटचाल दिसते. २०१६ मध्ये राज्य सरकारने ईबीसीची मर्यादा सहा लाखांवर नेली. त्या वेळी क्रिमी लेअर सहावरच होतं. केंद्रात आठ झाले तसे इथेही आठ झाले. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आठ. मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाची पूर्ण फी माफ करणारा जुलै २०२४ चा शासन निर्णय, त्यालाही आठ. योगायोग म्हणणाऱ्यांनी म्हणावं. एकदा मंजूर झालेला आकडा पुन्हा वापरला तर फाईलवर नवा प्रश्न येत नाही, हे मंत्रालयात कोणालाही समजतं.

मात्र स्थलांतरात आकडा आला, मोजण्याची रीत आली नाही. क्रिमी लेअरच्या उत्पन्नात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. कारण सरळ आहे: हुद्दा आणि जमीन यांच्या चाळण्या आधीच लावलेल्या असतात. शिष्यवृत्तीला त्या चाळण्या नाहीत, म्हणून तिथे पगार, शेती, भाडं, धंदा, सगळं एकत्र धरतात. समजा वडील सरकारी खात्यात क गटात आहेत आणि पगार वर्षाला नऊ लाख. ओबीसी मुलीला नॉन-क्रिमीलेअर मिळू शकतं, पण फीमाफीचा अर्ज बाद. दोन्ही फॉर्मांवर आठ लाखच लिहिलेले, आणि पालक खिडकीपाशी हुज्जत घालतात की एकीकडे बसतो तर दुसरीकडे का नाही. बिचाऱ्या कारकुनाला १९९३ चं ज्ञापन कोण वाचून दाखवणार?

म्हणून आपण बसतो की नाही याचा अंदाज बांधायचा तर आधी विचारावं, हा आठ लाख कोणता. एका वर्षाचा की तीन वर्षांचा? पगारासकट की पगाराविना? आर्थिक दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्राला आदल्या आर्थिक वर्षाचं सगळ्या स्रोतांचं उत्पन्न लागतं, शिवाय पाच एकर किंवा जास्त शेतजमीन असली तर उत्पन्न कितीही कमी असो, केंद्राच्या नियमाने तुम्ही बाहेर. कोरडवाहू पाच एकर आणि बागायती पाच एकर इथे सारखेच. १९९३ च्या समितीने सिंचनाचा निदान विचार तरी केला होता.

अनुसूचित जाती-जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची अडीच लाखांची मर्यादा मात्र या घराण्यातली नाही. २००४ च्या अडीचशी तिचं नातं जोडायचा मोह मला झाला होता, पण ते ओढूनताणून होईल. साडेचार लाखांबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. शैक्षणिक कर्जावरच्या व्याजमाफीला २००९ पासून साडेचारची अट आहे आणि क्रिमी लेअरचा साडेचार त्याच्या आदल्याच वर्षीचा. पुढे क्रिमी लेअर सहावर गेलं, आठवर गेलं. व्याजमाफी तिथेच राहिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी आणली, तेव्हा साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पूर्ण व्याजमाफी आणि आठ लाखांपर्यंतच्यांना व्याजात तीन टक्के सवलत, अशी रचना झाली. २००८ चा काका आणि २०१७ चा पुतण्या आता एकाच अर्जावर नांदतात.